परदेशातील 'अमेरिकन' विद्यापीठ निवडताना



उन्हाळ्यात बाजारात आंब्याच्या पेट्या येऊ लागल्या, की बहुतेक पेट्यांवर 'देवगड हापूस' हीच अक्षरे दिसतात. जाणते गिऱ्हाईक नुसती अक्षरे वाचून पैसे मोजत नाही. ते पेटी उघडायला लावते, आंबा हातात घेऊन देठाजवळ वास घेते आणि माल कुठल्या बागेतला, हे विचारते. डझनभर आंब्यांसाठी आपण एवढी चौकशी करतो. मग मुलाच्या आयुष्यातली चार वर्षे आणि घरातली बहुतेक पुंजी ज्या विद्यापीठात घालायची, त्याची चौकशी किती करायला हवी?

अलीकडे तालुक्याच्या गावीसुद्धा परदेशी शिक्षणाच्या पाट्या दिसतात. त्यांत एक नवी भाषा ऐकू येते : 'अमेरिकन पद्धतीचे शिक्षण, तेही अमेरिकेपेक्षा स्वस्तात.' पुढे नावे येतात ती शारजा, कैरो, बल्गेरिया, बिश्केक अशी. म्हणजे देश अमेरिका नव्हे, परंतु विद्यापीठाच्या नावात 'अमेरिकन' हा शब्द आहे आणि सारे शिक्षण इंग्रजीतून आहे. ह्या संस्था खऱ्या की खोट्या, चांगल्या की वाईट, असा सरसकट निकाल देता येणार नाही. त्यांतल्या काही फार जुन्या व नामांकित आहेत. काही केवळ नावापुरत्या आहेत. तेव्हा ओळखायचे कसे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. 'अमेरिकन विद्यापीठ' ह्या नावावर कोणा एकाची मालकी नाही. वॉशिंग्टन शहरात ह्याच नावाचे एक विद्यापीठ आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १८९३ साली त्याला सनद दिली. पण बैरुतचे, कैरोचे किंवा शारजाचे अमेरिकन विद्यापीठ ही काही त्याची शाखा नव्हे. ह्या प्रत्येकाचा कारभार वेगळा, पैसा वेगळा, इतिहास वेगळा. म्हणून 'अमेरिकन' ह्या शब्दाने फार तर शिकवण्याची पद्धत कळते. संस्थेची पत कळत नाही.

आता काही संस्थांची ओळख करून घेऊ. ह्या घराण्यातले एक फार जुने नाव बैरुतचे. लेबनॉनमधल्या ह्या शहरात १८६६ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी अवघ्या सोळा विद्यार्थ्यांवर 'सीरियन प्रॉटेस्टंट कॉलेज' सुरू केले. त्याची सनद न्यूयॉर्क राज्याची होती. आरंभी शिक्षण अरबीतून होत असे. पुढे १८८० च्या सुमारास इंग्रजी आली. १९२० साली त्याचे 'अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरुत' असे नामांतर झाले. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली, तेव्हा निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींमध्ये ह्या एका विद्यापीठाचे एकोणीस पदवीधर होते. कैरोचे विद्यापीठ १९१९ चे. ते जवळजवळ नव्वद वर्षे शहराच्या मध्यभागी तहरीर चौकात होते. २००८ साली शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत गेले.

पुढच्या पिढीतली नावे निराळ्या कारणांनी जन्माला आली. पूर्व युरोपातली साम्यवादी राजवट कोसळल्यावर १९९१ साली बल्गेरियातल्या ब्लागोएव्हग्राड ह्या गावी अमेरिकन विद्यापीठ निघाले, आणि त्याचे पहिले वर्ग भरले ते कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या कचेरीत! किर्गिझस्तानात बिश्केकला असेच एक विद्यापीठ आहे. त्याचे मूळ १९९३ सालचे. (आपल्याकडची जी मुले डॉक्टर होण्यासाठी बिश्केकला जातात ती तिथल्या वैद्यकीय संस्थांत जातात; ह्या विद्यापीठात नव्हे.) शारजाचे विद्यापीठ तिथल्या शासकांनी १९९७ साली स्थापले. शारजा-दुबईत कामधंद्याला गेलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. आखातात वाढलेल्या मुलाला बारावीनंतर भारतात पाठवायचे की तिथेच ठेवायचे, हा त्या घरांतला नेहमीचा प्रश्न. आणि शारजाच्या विद्यापीठाचे नाव तिथे हमखास निघते.

मिशनऱ्यांची संस्था, साम्यवादानंतरची संस्था, तेलाच्या प्रदेशातली संस्था, इतक्या भिन्न मुळांच्या ह्या विद्यापीठांत समान काय आहे? समान आहे ती शिक्षणाची पद्धत. ती समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे, कारण मुलाला रोज तिच्याशीच गाठ घालायची असते.

आपली जुनी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. दहावीनंतर शाखा ठरते : विज्ञान, वाणिज्य की कला. एकदा गाडी त्या रुळावर चढली की उतरणे कठीण. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, शिकवतो कॉलेजातला प्राध्यापक, पेपर काढतो तिसराच आणि तपासतो चौथा. वर्षभर काय केले ह्यापेक्षा त्या तीन तासांत काय लिहिले, ह्यालाच मोल.

अमेरिकन पद्धतीत जो शिकवतो तोच परीक्षा घेतो, आणि ती एकदाच घेत नाही. दर काही दिवसांनी छोटी चाचणी, मधूनमधून निबंध, वर्गातली चर्चा, प्रकल्प, सहामाही, अखेरची परीक्षा, अशा साऱ्यांची बेरीज होऊन श्रेणी ठरते. विद्यार्थी पहिली एक-दोन वर्षे निरनिराळे विषय घेतो. इंजिनिअर होऊ पाहणाऱ्यालाही लेखन, इतिहास किंवा तत्त्वज्ञान असा काही विषय घ्यावाच लागतो. मुख्य विषय ठरवायला थोडी सवड मिळते, मात्र इंजिनिअरिंगसारख्या शाखांत ती कमी असते. विषय निवडण्याच्या ह्या मोकळिकीला हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स एलियट ह्या अध्यक्षांनी जोर दिला. ते १८६९ पासून चाळीस वर्षे त्या पदावर होते.

अभ्यासाचे माप म्हणजे 'क्रेडिट', आपल्याकडचा श्रेयांक. आठवड्याला एक तास वर्गात आणि त्याच्या जोडीला सुमारे दोन तास स्वतःचा अभ्यास, असे साधारण पंधरा आठवडे चालले की एक श्रेयांक. बहुतेक विषय तीन श्रेयांकांचे. सत्राला पाच विषय घेतले तर पंधरा श्रेयांक; चार वर्षांची आठ सत्रे धरली तर एकशेवीस. पदवीचा साधारण हिशेब हा असा. शिक्षक बंधू-भगिनींना ही भाषा आता परकी वाटू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी, मुख्य विषय, दुय्यम विषय आणि श्रेयांक आपल्याही कॉलेजांत आणले आहेत.

ह्या मोकळिकीचे मोल आपल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण त्यांनी तिथे घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजणी पाहा : अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, आणि शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. ते पदवीनंतरचे शिक्षण होते आणि खुद्द अमेरिकेतले होते, हे खरे. पण एका विषयात पाय रोवून दहा विषयांत डोळे उघडे ठेवायचे, ही त्या पद्धतीची खरी ताकद त्यांच्याएवढी क्वचितच कोणी वापरली असेल.

मात्र ही मोकळीक सर्वांनाच मानवते असे नाही. जे मूल प्रश्न विचारते, चार पुस्तके चाळते, न घाबरता चूक करते, त्याला ही पद्धत पंख देते. उलट, गाईड पाठ करून नव्वद टक्के मिळवण्याची ज्याला सवय लागली आहे, त्याची पहिल्या सत्रातच दमछाक होते. तिथे दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून उतरवणे हा गुन्हा समजतात. त्या विषयात नापास करतात, कधी संस्थेतून काढूनही टाकतात. श्रेणीची सरासरी चारपैकी अमुक एका आकड्याखाली गेली तर शिष्यवृत्तीही जाते. म्हणून पहिला प्रश्न विद्यापीठाला नव्हे, आपल्या मुलाला विचारायचा : तुला हे असे शिकायला आवडेल का?

मागे निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे आले होते. हातात गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक. मुलगी बारावीला, हुशार. ते म्हणाले, "सर, विद्यापीठ अमेरिकन आहे म्हणजे पोरीला शिकून पुढे अमेरिकेतच नोकरी लागणार ना? एजंट तर तसंच म्हणतोय."

मी म्हटले, "नाही हो, आप्पा. शिक्षण जिथं होतं, त्या देशाचा व्हिसा मिळतो. शारजात शिकली तर अमिरातीचा विद्यार्थी-व्हिसा. बल्गेरियात शिकली तर बल्गेरियाचा. अमेरिकेत शिकलेल्या मुलांना शिक्षणानंतर काही काळ तिथं काम करायची जी सवलत असते, ती बाहेरच्या 'अमेरिकन' विद्यापीठाच्या मुलांना नसते."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग ह्या नावाचा उपयोग काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. उपयोग आहे, पण तो नावाचा नव्हे, नावामागच्या मान्यतेचा. ही मान्यता नीट समजली की निम्मे काम झाले.

आपल्याकडे विद्यापीठ खरे की खोटे हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत पाहता येते. अमेरिकेत असे एकच सरकारी खाते विद्यापीठांना मान्यता देत नाही. तिथे विद्यापीठांची तपासणी करणारी स्वतंत्र मंडळे आहेत. काही तर एकोणिसाव्या शतकातली. न्यू इंग्लंड भागातल्या मंडळाची परंपरा १८८५ पासूनची, तर मध्य-अटलांटिक राज्यांच्या 'मिडल स्टेट्स'ची १८८७ पासूनची. सरकारचे शिक्षणखाते ह्या मंडळांना ओळखते, आणि ही मंडळे विद्यापीठांना तपासतात. त्यांचे तपासनीस येऊन ग्रंथालय, अध्यापक, जमाखर्च, परीक्षा, सारे पाहतात, आणि ठराविक वर्षांनी पुन्हा येतात. बैरुत, कैरो आणि शारजा ह्या तिन्ही विद्यापीठांनी 'मिडल स्टेट्स'ची मान्यता मिळवली आहे. ब्लागोएव्हग्राडच्या विद्यापीठाने न्यू इंग्लंडच्या मंडळाची. शिवाय इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमाला 'एबेट' नावाच्या संस्थेची वेगळी मान्यता लागते. म्हणजे विद्यापीठ मान्य आहे का आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम मान्य आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारले पाहिजेत.

आणि हो, मान्यतेचे नाव माहितीपत्रकात वाचून थांबू नका. पत्रकात काहीही छापता येते. त्या मान्यता-मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या यादीत विद्यापीठाचे नाव शोधा. कारण खोटी विद्यापीठे खोटी मान्यता-मंडळेही उभी करतात. मे २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' ह्या वृत्तपत्राने कराचीतल्या 'ॲक्झॅक्ट' नावाच्या कंपनीचा उद्योग उघडकीस आणला. तिने शेकडो संकेतस्थळांवर विद्यापीठे व शाळा उभ्या केल्या होत्या, आणि त्या अस्तित्वातच नव्हत्या. त्यांतली नावे होती 'बार्कली' आणि 'कोलंबियाना'! म्हणजे बर्कली आणि कोलंबिया ह्या थोर नावांना एखाद्या अक्षराची शेपटी. नुसत्या कानाने ऐकणारा माणूस सहज फसेल.

प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवरही असे घडले आहे. कॅलिफोर्नियात 'ट्राय-व्हॅली' नावाचे एक विद्यापीठ होते. जानेवारी २०११ मध्ये तिथल्या सरकारने त्यावर छापा घालून ते बंद केले. विद्यार्थ्यांत बहुसंख्य भारतीय होते. त्यांतल्या काहींच्या घोट्याला, ते कुठे जातात हे कळावे म्हणून, पट्टा बांधण्यात आला. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेली ही मुले. तेव्हा चौकशी म्हणजे नसती शंका नव्हे. ते पालकांचे कर्तव्यच आहे.

दुसरे दार आपल्या देशाचे. मुलगा परत आला आणि इथे एम.ए.ला किंवा सरकारी नोकरीला गेला, तर ती पदवी भारतात ग्राह्य धरली जाईल का? पूर्वी परदेशी पदवीची समकक्षता ठरवण्याचे काम भारतीय विद्यापीठ संघ करीत असे. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ह्यासाठी स्वतःचे नियम जाहीर केले. त्यांतला मुख्य भाग असा, की परदेशातली संस्था तिच्या स्वतःच्या देशात रीतसर मान्य असली पाहिजे आणि तिथल्या प्रवेशाच्या अटी आपल्याकडच्या तत्सम अभ्यासक्रमासारख्या असल्या पाहिजेत. एका विद्यापीठाने दुसऱ्या कोणाला नाव वापरायला देऊन, म्हणजे 'फ्रँचाईज'वर, चालवलेल्या शिक्षणाची पदवी ग्राह्य नाही. वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, कायदा आणि वास्तुशास्त्र ह्यांना हे नियम लागू नाहीत. त्यांच्या त्यांच्या परिषदांचे नियम वेगळे. विशेषतः डॉक्टरकीसाठी जाणाऱ्याने राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नियम वाचल्याखेरीज एक रुपयाही भरू नये.

म्हणजे अशा विद्यापीठाला तीन ठिकाणची ओळख लागते : ज्या देशात ते आहे तिथली, अमेरिकन मान्यता-मंडळाची आणि भारतातली. पहिली नसेल तर पुढे बोलणेच नको. दुसरी नसेल तर 'अमेरिकन' हा शब्द केवळ रंगरंगोटी. तिसरी नसेल तर परतीची वाट अडचणीची.

आता जागेविषयी. इमारत कितीही सुंदर असली तरी ती एका देशात उभी असते, आणि त्या देशाचे सुखदुःख तिला चुकत नाही. बैरुतचे विद्यापीठ एवढे नामांकित. पण लेबनॉनच्या यादवी युद्धात, १९८४ साली, त्याच्या अध्यक्षांची विद्यापीठातच गोळ्या घालून हत्या झाली. १९९१ साली त्याच्या मुख्य इमारतीत बाँबस्फोट झाला. ती पुन्हा बांधावी लागली. २०१९ पासून देशाचे चलन कोसळले आणि ऑगस्ट २०२० मध्ये बंदरातल्या स्फोटाने शहर हादरले. तरी विद्यापीठ चालूच राहिले, हे त्याचे मोठेपण. पण आपले मूल पाठवताना ह्या गोष्टींचाही विचार करावा लागतो. तसेच वर्गात इंग्रजी असली तरी दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये तिथलीच भाषा. बल्गेरियात बल्गेरियन, कैरोत अरबी. चार वर्षे राहायचे तर ती थोडी शिकावीच लागते, आणि ती शिकण्याची तयारी असलेली मुलेच तिथे रमतात.

पैशाचा हिशेब कागदावर मांडा. माहितीपत्रकात एका वर्षाची फी असते. आपल्याला चार वर्षांची बेरीज हवी. फी, वसतिगृह, जेवण, विमा, पुस्तके, व्हिसा आणि येण्याजाण्याचे विमानभाडे. इंग्रजी कच्ची असेल तर आधी पूर्वतयारीचे एखादे सत्र किंवा वर्ष लागते. त्याचा खर्च वेगळा. मग रुपयाची घसरण धरा. २०१४ च्या मध्याला एका डॉलरला सुमारे साठ रुपये पडत. २०२४ च्या अखेरीला पंच्याऐंशीच्या वर. म्हणजे दहा हजार डॉलरच्या खर्चाला तेव्हा सहा लाख लागत, ते साडेआठ लाखांच्या पुढे गेले. अमिरातीचा दिरहॅम डॉलरशी बांधलेला आहे, त्यामुळे शारजाची फीदेखील डॉलरबरोबरच चढते. शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती एका वर्षाची की चारही वर्षांची आणि कोणत्या श्रेणीच्या अटीवर, हे लेखी घ्या. पैसे भरायचे ते विद्यापीठाच्या नावाच्या खात्यात, एजंटाच्या नव्हे. आणि जमीन विकण्याआधी बँकेकडे जा. बँक कर्ज देताना विद्यापीठाची चौकशी करते. तिने नकार दिला, तर तो का दिला हे नीट विचारून घ्या; त्यात पुष्कळदा शहाणपण असते.

त्या बागायतदारांना मी हेच सारे सांगितले. मुलगीही सोबत होती. तिने वहीत प्रश्न उतरून घेतले आणि विद्यापीठाला स्वतःच पत्र लिहिले, इंग्रजीत. एजंटाने दाखवलेल्या विद्यापीठाकडून मान्यतेच्या प्रश्नाला सरळ उत्तर आले नाही, म्हणून त्यांनी तो विचार सोडला. ती सध्या नाशिकला शिकते आहे आणि पदवीनंतर शिष्यवृत्ती मिळवून बाहेर जायचे म्हणते. वडिलांची बाग शाबूत आहे.

शेवटी शिक्षकांसाठी दोन शब्द. गावातला पालक एजंटाकडे जाण्याआधी तुमच्याकडे येतो. 'बाहेर कशाला जाता?' असे म्हणून त्याला परतवू नका, आणि 'जा, नशीब काढा' असे म्हणून ढकलूही नका. त्याच्याबरोबर संगणकासमोर तासभर बसा, आणि मान्यतेच्या याद्या त्याला दाखवा. आणि वर्गात एक काम आजपासून करा. आठवड्यातून एकदा मुलांना एखाद्या विषयावर एक पान स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. मराठीत चालेल, इंग्रजीत चालेल. ते वाचा आणि 'हे तुला का वाटतं?' असा एकच प्रश्न समासात लिहून परत द्या. मूल पुढे शारजाला जावो, कैरोला जावो, की जिल्ह्याच्या कॉलेजात जावो, 'का वाटतं?' ह्याचे उत्तर ज्याला देता येते, त्याला कुठलीही पद्धत जड जात नाही. आणि ह्या तयारीला ना व्हिसा लागतो, ना डॉलर.